हर्बर्ट स्टॉडर्ड

हर्बर्ट ली स्टॉडर्ड (१८८९ – १९७०) हे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ, वन्यजीव व्यवस्थापक आणि वनतज्ज्ञ होते. जंगलातील प्रत्येक आग हा शत्रूच आहे असे अमेरिकेचे वनखाते मानत होते, त्या काळात त्यांनी ठरावीक ऋतूत व ठरावीक हवामानात जाणीवपूर्वक लावलेली आग दक्षिणेतील पाइन वनांना आवश्यक असते, हे क्षेत्रीय अभ्यासाने दाखवून दिले. नियोजित आगीच्या शास्त्राच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

== बालपण ==

स्टॉडर्ड यांचा जन्म इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे झाला. ते चार वर्षांचे असताना कुटुंब फ्लोरिडातील चुलुओटा या विरळ वस्तीच्या गावी राहावयास गेले. तेथील गुराखी दर हिवाळ्याच्या अखेरीस लांबपर्णी पाइनच्या रानातले वाळलेले गवत पेटवून देत. जमिनीलगतची ही बुटकी आग झाडांच्या बुंध्यांना चाटून पुढे सरके आणि काही आठवड्यांतच त्या काळ्या जमिनीवर गुरांसाठी कोवळा चारा उगवे. लहानपणी पाहिलेले हे दृश्य पुढे त्यांच्या आयुष्यात फार उपयोगी पडले. आग म्हणजे केवळ नाश, ही समजूत त्यांच्या मनात कधी रुजलीच नाही.

१९०० च्या सुमारास कुटुंब उत्तरेस परतले. स्टॉडर्ड यांचे शालेय शिक्षण लवकरच सुटले आणि ते विस्कॉन्सिनमधील प्रेरी डू सॅक येथे नातेवाइकांच्या शेतावर राबू लागले. तेथेच एड ऑक्सनर यांच्याकडून ते मृत प्राणी-पक्ष्यांत पेंढा भरण्याची कला शिकले. या कौशल्याच्या बळावर त्यांना १९१० मध्ये मिलवॉकीच्या सार्वजनिक संग्रहालयात आणि नंतर शिकागोच्या फील्ड संग्रहालयात काम मिळाले. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

== लावा पक्ष्याचा अभ्यास ==

जॉर्जियातील थॉमसव्हिल आणि फ्लोरिडातील टॅलहासी यांच्या दरम्यानच्या ‘रेड हिल्स’ या टेकड्यांच्या प्रदेशात उत्तरेकडील धनिकांच्या मोठमोठ्या शिकारी जहागिरी होत्या. तेथील बॉबव्हाइट लावा पक्षी झपाट्याने कमी होऊ लागल्यामुळे जहागीरदारांनी निधी उभारला आणि १९२४ मध्ये केंद्रीय जीवसर्वेक्षण विभागाने या अभ्यासाचे नेतृत्व स्टॉडर्ड यांच्याकडे सोपविले. त्यांनी सहाशेच्या आसपास घरटी पाहिली, पक्ष्यांना कडी घातल्या, त्यांच्या पोटातील अन्न तपासले. निष्कर्ष सरळ होता. लावा जमिनीवर वावरणारा पक्षी असल्याने त्याला चालण्यासाठी मोकळी जमीन, खाण्यासाठी शेंगवर्गीय रानवनस्पतींचे बी आणि लपण्यासाठी अधूनमधून झुडपे लागतात. आग बंद केली की दोन-चार वर्षांत गवताचा जाड थर साचतो, पानझडी झुडपे माजतात आणि पक्ष्याची जागा नाहीशी होते.

हा निष्कर्ष मांडण्याची वेळ मात्र प्रतिकूल होती. १९२४ च्याच क्लार्क-मॅकनरी कायद्याने राज्यांना वणवा रोखण्यासाठी केंद्रीय अनुदान मिळू लागले होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस एका वनसंघटनेच्या गाड्या दक्षिणेतील खेडोपाडी फिरून रान न जाळण्याचा प्रचार चित्रपटांद्वारे करीत होत्या. अशा वेळी सरकारी नोकरीतील माणसाने आगीचे समर्थन करणे वनखात्याला रुचणे शक्य नव्हते. आगीवरील प्रकरण स्टॉडर्ड यांना वारंवार बदलून सौम्य करावे लागले. ‘द बॉबव्हाइट क्वेल’ हा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात जपून लिहिलेली वाक्ये जागोजागी दिसत असली, तरी मूळ मुद्दा शाबूत होता. या ग्रंथास अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ संघाचे ब्रूस्टर पदक मिळाले.

== आगीची पद्धत ==

स्टॉडर्ड यांच्या दृष्टीने आग लावणे हे हिशेबाचे काम होते. पाऊस पडून गेल्यावर एकदोन दिवसांनी, वारा स्थिर व मंद असताना, हवेत दमटपणा असताना, शक्यतो हिवाळ्याच्या शेवटी ती लावावी असे ते सांगत. घरटी बांधण्याआधी रान मोकळे व्हावे, पण सगळेच एकदम जळू नये, म्हणून ते तुकड्यातुकड्याने जाळणे पसंत करीत. आधी जाळरेषा काढायची, झुडपांचे आसरे वगळायचे आणि मग वाऱ्याच्या उलट दिशेने आग सोडायची. लांबपर्णी पाइनचे रोप सुरुवातीची काही वर्षे गवताच्या झुपक्यासारखे राहते. त्याचा कोंब सुयांच्या दाट आवरणात सुरक्षित असल्याने अशी हलकी आग ते सहन करते आणि स्पर्धक झुडपे मात्र मागे हटतात.

हे ज्ञान एकट्या स्टॉडर्ड यांचे नव्हते, हे येथे नोंदविले पाहिजे. जहागिरींवर कसणारे कृष्णवर्णीय कूळ शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आग हाताळत आले होते आणि त्यांच्या लहान, विखुरलेल्या शेतांमुळेच लाव्यांना अनुकूल भूमी टिकून होती. स्टॉडर्ड त्यांच्याकडून शिकले. पदके आणि ग्रंथ मात्र त्या शेतकऱ्यांच्या वाट्याला आले नाहीत. जमिनीचे मालक शिकारीसाठी येणारे श्रीमंत लोक होते, ही या संपूर्ण कार्याची मर्यादाही होती.

== उत्तरायुष्य ==

१९३१ मध्ये त्यांनी ‘सहकारी लावा अभ्यास संघ’ स्थापून जहागीरदारांना सल्ला देण्यास प्रारंभ केला. १९३४ मध्ये एड कोमारेक हे साहाय्यक म्हणून आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, वनखात्याने फ्लोरिडातील ओसिओला राष्ट्रीय वनात नियोजित आगीस परवानगी दिली. वाद मिटला नाही, पण दार उघडले. १९५० पासून लिऑन नील त्यांच्यासोबत काम करू लागले. सगळे जंगल एकदम न तोडता एकेक झाड पारखून काढण्याची आणि नियमित आगीने रान राखण्याची त्या दोघांची रीत आज स्टॉडर्ड-नील पद्धत म्हणून ओळखली जाते.

१९५८ मध्ये हेन्री बीडल यांच्या जहागिरीवर ‘टॉल टिंबर्स’ संशोधन केंद्र स्थापन झाले. त्यात स्टॉडर्ड यांचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षापासून तेथे अर्ध्या एकराचे ८४ प्रयोगतुकडे आखण्यात आले. काही दरवर्षी, काही दोन किंवा तीन वर्षांनी, तर काही दीर्घ काळाने जाळावयाचे आणि प्रत्येकातील वनस्पतींची नोंद ठेवावयाची, अशी योजना होती. आगीचे परिणाम पाहावयाचे तर वर्षानुवर्षे त्याच जागी परत यावे लागते, आणि स्टॉडर्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे हे तुकडे त्यासाठीच आहेत. १९६२ मध्ये या केंद्राने आगीच्या परिस्थितिविज्ञानावरील पहिली परिषद भरविली.

याच काळात ते टॅलहासीजवळील दूरचित्रवाणी मनोऱ्याला धडकून मेलेले पक्षी जवळजवळ रोज पहाटे गोळा करीत. अकरा वर्षांच्या या नोंदी १९६७ मध्ये प्रकाशित झाल्या. त्यांचे आत्मचरित्र १९६९ मध्ये आले.

त्यांच्या कर्मभूमीजवळच, टॅलहासी येथे, १९९८ मध्ये केंद्रीय व राज्यस्तरीय यंत्रणांचे नियोजित आग प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तेथे येणारे वनकर्मचारी काही आठवडे निरनिराळ्या संस्थांच्या जमिनींवर प्रत्यक्ष आग लावतात. आगीचे नेतृत्व करणारा अधिकारी होऊ पाहणारा उमेदवार अनुभवी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली वारा, दमटपणा आणि धुराची दिशा पाहून निर्णय घेतो, तर निरीक्षकाचे काम शिकणारा ज्वालांची उंची, आगीचा वेग आणि जळून गेलेल्या थराची खोली नोंदवितो.