विश्लेषण : सम्राट मेला, पण लोकांनी मानलेच नाही! कोण होता दुसरा फ्रेडरिक?

पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक १३ डिसेंबर १२५० रोजी दक्षिण इटलीत आजारपणाने मरण पावला. पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये त्याचे दफनही झाले. तरीही तो जिवंत असल्याची चर्चा पुढे कित्येक वर्षे थांबली नाही. असे का?

मध्ययुगीन युरोपात एक भाकीत रुजले होते. जगाच्या अंतापूर्वी शेवटचा सम्राट येईल, जेरुसलेममध्ये आपला मुकुट देवाला अर्पण करेल आणि मग ख्रिस्तविरोधी अवतरेल. फ्रेडरिक १२२९ मध्ये जेरुसलेमला पोहोचला खरा. पण हे शहर त्याने लढून नव्हे, तर सुलतान अल-कामिलशी तह करून मिळवले होते. त्यात पोपने त्याला आधीच बहिष्कृत केलेले. तिथे त्याने मुकुट उतरवला तर नाहीच, उलट स्वतःच्या हाताने डोक्यावर चढवला!

समर्थकांना तो तारणहार वाटे, पोपच्या गोटाला साक्षात ख्रिस्तविरोधी. त्याच्या मृत्यूने दोघांचीही पंचाईत झाली, कारण भाकीत अर्धवटच राहिले. मग तो एटना ज्वालामुखीत दडून बसल्याच्या कथा पसरल्या.

याचा फायदा तोतयांनी घेतला. जर्मनीत टिले कोलुप नावाच्या एकाने तर सम्राट म्हणून दरबारच भरवला. १२८५ मध्ये वेट्झलार येथे त्याला जाळून मारण्यात आले.

पुढे ही कथा जर्मनीतील किफहॉयझर डोंगराला चिकटली. काही शतकांनी तिच्यातला सम्राटही बदलला. डोंगराच्या पोटात झोपलेला राजा म्हणून फ्रेडरिकऐवजी त्याचा आजोबा बार्बारोसा ओळखला जाऊ लागला. १८९६ मध्ये तिथे उभारलेल्या स्मारकात पुतळा आहे तोही आजोबाचाच.