रक्तक्षयाचे उत्तर ताटात शोधणाऱ्या लूसी विल्स

गरोदरपणाची नोंदणी झाली की सरकारी दवाखान्यातून लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मिळतात. काही घरांत त्या नेमाने घेतल्या जातात, काही घरांत फडताळात पडून राहतात. यातल्या फॉलिक अ‍ॅसिडच्या शोधाचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या मुंबईत आहे आणि त्यामागे आहेत लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर.

विल्स यांचा जन्म १८८८ मध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राचा अभ्यास केला. १९११ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण केंब्रिज त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत त्यांनी काही काळ परिचारिकेचे काम केले आणि परतल्यावर लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले. १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मात्र दवाखाना न थाटता त्यांनी प्रयोगशाळेतले संशोधन निवडले.

१९२८ मध्ये त्या मुंबईला आल्या. बाळंतपणात इतक्या स्त्रिया का दगावतात, याची चौकशी तेव्हा सुरू होती. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांच्याकडे गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा प्रश्न आला. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांमध्ये हा आजार जिवावर बेतण्याइतका तीव्र होता. लोहाच्या कमतरतेत रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या स्त्रियांच्या पेशी मात्र संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या.

हा एखाद्या जंतूचा प्रताप असेल का, हे विल्स यांनी आधी तपासले. तसा पुरावा मिळाला नाही. मग त्यांनी या स्त्रिया रोज काय खातात ते पाहिले. आजाराचे प्रमाण जास्त होते ते गरीब घरांत, जिथे ताटात भाज्या, फळे आणि प्रथिने कमी होती.

पुढे कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. असाच निकृष्ट आहार दिल्यावर माकडांनाही रक्तक्षय झाला आणि यीस्टचा अर्क दिल्यावर ती सुधारली. हा अर्क म्हणजे मार्माइट. बिअर तयार झाल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून बनणारा हा काळपट, खारट पदार्थ इंग्रज लोक पावाला लावून खातात. रक्तक्षयावर यकृताचा अर्क उपयोगी पडतो हे तेव्हा ठाऊक होते, पण तो महाग होता. मार्माइट स्वस्त होते. गरोदर स्त्रियांना ते दिल्यावर त्यांचे रक्त भरून येऊ लागले. १९३१ मध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले.

यीस्टमधला नेमका कोणता घटक काम करतो, हे मात्र त्यांना सापडले नाही. त्या अनामिक घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हटले गेले. शुद्ध केलेला यकृताचा अर्क या रुग्णांना लागू पडत नाही, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे रक्त तयार होण्यासाठी लागणारे घटक एकाहून अधिक होते. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून असा एक घटक वेगळा काढला गेला आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फॉलिक अ‍ॅसिड पडले. पुढे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील चमूने ते प्रयोगशाळेत बनवले. दुसरा घटक, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये हाती लागला.

विल्स अविवाहित राहिल्या. निवृत्तीनंतरही फिजी आणि दक्षिण आफ्रिकेत त्यांनी पोषणाच्या पाहण्या केल्या. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचा आणखी एक मोठा लाभ त्यानंतर पुढे आला. ज्या स्त्रियांना आधी मज्जारज्जूचा जन्मजात दोष असलेले मूल झाले होते, त्यांनी पुढच्या गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतले तर तो दोष पुन्हा होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, असे १९९१ मधील मोठ्या चाचणीत दिसले.

पेशी दुभंगताना नवा डीएनए तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी फॉलेट लागते. गरोदरपणात ही गरज वाढते. गर्भाचा मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. अनेकींना तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून मूल हवे असे ठरवल्यावरच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावे, असा सल्ला दिला जातो. आधीच्या बाळात असा दोष असेल, तर मात्रा डॉक्टर ठरवतात.

पालक, मेथी, चवळी, हरभरे, मूग आणि शेंगदाण्यांत फॉलेट असते. ते पाण्यात विरघळते आणि फार शिजवल्यास नष्ट होते. त्यामुळे भाजी आधी धुवावी, मग चिरावी आणि शिजवलेले पाणी फेकू नये. मोठ्या पेशींचा रक्तक्षय ब-१२ कमी पडल्यानेही होतो. अशा वेळी नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यास रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून रक्त कमी असल्याचे कळल्यावर मनानेच गोळ्या सुरू करू नयेत; ते कशामुळे कमी झाले, हे आधी तपासून घ्यावे. परळमध्ये विल्स यांनी सुरुवात केली होती ती याच प्रश्नापासून.