स्वतःच्या नावाने लिहिणारा माणूस : क्लिफर्ड बिअर्स

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं आपल्या सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात मुदत ठेवी, नॉमिनेशन, मृत्युपत्र असलं काहीतरी असणार. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडून लोक तेच मागतात, आणि गणेशोत्सवाच्या अंकांत मी ते लिहिलंही आहे. या वेळी मात्र एका अमेरिकन माणसाबद्दल लिहितो. त्याला जाऊन ऐंशीहून जास्त वर्षं झाली. त्याचं नाव क्लिफर्ड बिअर्स.

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता मुलीकडे कनेक्टिकटला गेलो होतो. तिच्या घरापासून न्यू हेवन शहर जवळ. तिथे एका मानसिक आरोग्य केंद्राच्या पाटीवर हे नाव वाचलं. कोणीतरी डॉक्टर असेल म्हणून सोडून दिलं. पुढे मुलीने वाचनालयातून त्याचं पुस्तक आणलं, तेव्हा कळलं की हा डॉक्टर नव्हे, हा तर पेशंट!

बिअर्स जन्मला त्याच न्यू हेवनमध्ये, ३० मार्च १८७६ रोजी. मध्यमवर्गीय घर, भाऊ बरेच. तो येल विद्यापीठात दाखल होण्याच्या थोडं आधी, १८९४ साली, थोरल्या भावाला फिट्स येऊ लागल्या. बिअर्स त्याच्या उशापायथ्याशी बसायचा. तेव्हापासून त्याच्या डोक्यात भरलं की आज ना उद्या हे आपल्यालाही होणार. १८९७ ला पदवी मिळाली. आधी गावातल्या कर वसुली कचेरीत आणि मग न्यूयॉर्कला एका आयुर्विमा कंपनीत त्याने कारकुनी केली. म्हणजे जवळजवळ आपल्याच जातकुळीतला माणूस! दिवसभर आकड्यांत मान खाली, आणि मनात काय चाललंय याचा शेजारच्या टेबलावर पत्ता नाही.

२३ जून १९०० रोजी, घरी परतलेल्या त्या चोवीस वर्षांच्या मुलाने वरच्या खिडकीतून उडी घेतली. वाचला, पण पायांची हाडं मोडली. इस्पितळाच्या खिडकीला गज होते. त्यावरून त्याची खात्रीच पटली की आपण कैदेत आहोत, आपल्यावर खटला चालणार आहे. नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. भेटायला येणारे आईवडील, भाऊ हे खरे नव्हेत, पोलिसांनी सोंगं उभी केली आहेत, असं त्याला वाटे. तो बोलेनासा झाला. पुढची तीन वर्षं त्याने एकामागून एक तीन मनोरुग्णालयांत काढली. त्यांतली दोन खाजगी होती आणि तिसरं मिडलटाऊनचं सरकारी.

या सगळ्या कहाणीत मी सर्वात जास्त वेळा वाचला तो प्रसंग सांगतो. त्याचा भाऊ जॉर्ज नेमाने भेटायला यायचा, आणि हा त्याला भाऊ मानायला तयार नसायचा. मग याने मनाशी एक युक्ती काढली. बाहेर फिरायची मुभा असलेल्या एका रुग्णाकडून भावाचा पत्ता शहराच्या डिरेक्टरीत आहे की नाही ते तपासून घेतलं. नंतर त्या पत्त्यावर गुपचूप पत्र टाकलं. त्यात लिहिलं की पुढच्या भेटीला हे पत्र सोबत आण, म्हणजे तू खरा की खोटा ते मला कळेल. ३० ऑगस्ट १९०२ ला जॉर्ज आला आणि त्याने खिशातून ते पत्र काढून दाखवलं. त्या एका क्षणात दोन वर्षांचा भ्रम कोसळला. बिअर्सने हिशेब दिलाय, ७९८ दिवस. व्याजाचे दिवस मोजण्यात आयुष्य गेल्यामुळे मी कॅलेंडर घेऊन ताडून पाहिलं. बरोबर ७९८ भरतात. ज्याला जग वेडा म्हणत होतं त्याचा ताळेबंद एका दिवसानेही चुकलेला नाही!

पण सुटका झाली नाही, पारडं एकदम दुसऱ्या टोकाला गेलं. आता त्याला जग सुधारायचं होतं. बांधणीच्या कागदाच्या पट्ट्या कापून तो वीस-वीस, तीस-तीस फूट लांब पत्रं लिहू लागला. आतले हाल पाहायचे म्हणून मुद्दाम गडबड करून त्याने स्वतःला दंगेखोर रुग्णांच्या विभागात पाठवून घेतलं. तिथे हात छातीशी आवळून बांधणारा कॅनव्हासचा अंगरखा त्याच्या अंगावर चढवला गेला. हात बधिर होईपर्यंत रात्र रात्र तो त्यात पडून असे. थंडीत उघड्यावाघड्या कोठडीत त्याला ठेवलं, नोकरांनी मारलं, गळा आवळला. हा पठ्ठ्या ते सगळं लक्षात ठेवत होता आणि मिळेल त्या कागदावर उतरवत होता. शेवटी त्याने थेट राज्याच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं, आणि गव्हर्नरनेही त्याची दखल घेतली.

सप्टेंबर १९०३ मध्ये तो घरी आला. पुन्हा नोकरी धरली. इथे दुसरा कोणी असता तर त्याने तीन वर्षांचा तो काळ पुसून टाकला असता. याने पुस्तक लिहायला घेतलं. मधे डोकं पुन्हा तापतंय असं वाटलं तेव्हा आपल्या पायाने हार्टफर्डच्या रुग्णालयात जाऊन काही आठवडे राहिला आणि बरं वाटल्यावर परत आला. प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांना त्याने हस्तलिखित वाचायला दिलं. त्यांनी पाठीशी उभं राहून प्रस्तावनेसाठी पत्र दिलं. मार्च १९०८ मध्ये पुस्तक निघालं, लेखकाच्या खऱ्या नावानिशी.

हे खरं नाव लावणं किती अवघड असतं, ते मला ठाऊक आहे. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, नऊ वर्षं मनोरुग्णालयात होता. १९७४ साली त्याला नेलं. शेजारीपाजारी आम्ही सांगितलं की तो इंदूरला नोकरीला लागला. माझं लग्न ठरतानाही इंदूरच सांगितलं. सौभाग्यवतींना खरं कळलं ते दोन वर्षांनी. त्या नऊ वर्षांत मी दादाला पाच वेळा भेटलो. पाचच. इथे आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षं राहतोय, पण कोणी विचारलं तर मी एकुलता एक, असंच सांगत आलो.

असो. पुस्तक निघाल्यावर दोनच महिन्यांत, मे १९०८ मध्ये, कनेक्टिकटमध्ये पहिली संस्था उभी राहिली, आणि फेब्रुवारी १९०९ मध्ये न्यूयॉर्कला राष्ट्रीय समिती. नुसती हाणामारीची तक्रार करत बसण्यापेक्षा मुळात मनाचं आरोग्य कसं जपता येईल ते पाहा, असं डॉ. ॲडॉल्फ मायर यांनी त्याला सुचवलं होतं आणि संस्थेला नावही त्यांनीच दिलं. पुढे दोघांचं फाटलं. कारण बिअर्सला कामाची घाई, आणि डॉक्टरमंडळींना हा बिनडिग्रीचा माणूस पुढे पुढे करतो असं वाटायचं. पहिली काही वर्षं याने कर्ज काढून संसार आणि संस्था दोन्ही चालवली. नंतर हेन्री फिप्स या पोलादवाल्या धनिकाने ५० हजार डॉलर दिले, तेव्हा गाडं रुळावर आलं. राज्याराज्यांतल्या मनोरुग्णालयांची पाहणी झाली. १९१३ मध्ये न्यू हेवनला बाह्यरुग्ण केंद्र उघडलं. त्याचीच ती पाटी. मे १९३० मध्ये वॉशिंग्टनला पहिली जागतिक परिषदही त्याने भरवली.

सगळंच गोड होतं असं नाही. त्या चळवळीतल्या काही बड्या लोकांनी मनोरुग्णांच्या सक्तीच्या नसबंदीला पाठिंबा दिला होता. आणि बिअर्सला सगळ्यात जास्त खुपत होते ते कोठड्यांमधले हाल. डॉक्टरांच्या मोठमोठ्या योजनांत तो विषय मागे पडला, असं माझं मत आहे.

आपल्याकडे १९१२ चा इंग्रजांचा कायदा थेट १९९३ पर्यंत चालला. दादा त्याच कायद्याखाली आत गेला. आता २०१७ चा कायदा आहे. मनोरुग्णाला साखळीने बांधायला त्यात सक्त मनाई आहे. आरोग्य विमा देताना मनाचा आजार आणि शरीराचा आजार असा भेद करता येत नाही. ज्यांच्या पॉलिसीचं नूतनीकरण जवळ आलंय त्यांनी हे कलम जरूर पाहून घ्यावं. (बँकवाला शेवटी आलाच मधे!)

बिअर्सने १९१२ मध्ये क्लारा जेप्सन यांच्याशी लग्न केलं. घराण्यातल्या आजारामुळे मूल होऊ द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. १९३९ मध्ये त्याचं मन पुन्हा ढासळलं. तो आपणहून प्रॉव्हिडन्सच्या बटलर रुग्णालयात दाखल झाला आणि तिथेच ९ जुलै १९४३ रोजी वारला.

दहा वर्षांनी, १९५३ मध्ये, त्याच्या समितीच्या वारस संस्थेने देशभरच्या मनोरुग्णालयांतून जुन्या बेड्या आणि साखळ्या गोळा केल्या, त्या बाल्टिमोरच्या एका कारखान्यात वितळवल्या आणि त्यांची ३०० पौंडांची एक घंटा ओतून घेतली. मुलीने तिचा फोटो मला पाठवला आहे. दादाचा एक फोटो घरी आहे, १९७१ मधला, मुंजीच्या गर्दीतला. या महिन्यात तो मोठा करून आणला आणि बाहेरच्या खोलीत लावला. चहाला याल तेव्हा दिसेलच.