मुसी नदीला आवरणारे विश्वेश्वरय्या

मुलांनो, हैदराबाद शहरातून मुसी नदी वाहते, हे तुम्हांला ठाऊक असेल. सप्टेंबर १९०८ मध्ये या नदीला भयंकर पूर आला. हजारो माणसे बुडाली. असंख्य घरे वाहून गेली.

तेव्हा निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. त्यांचा जन्म १८६१ साली झाला. पुण्यात शिकून ते अभियंता झाले. खडकवासला धरणाला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते.

हैदराबादेत त्यांनी केवळ नदीकाठ पाहिला नाही. एवढे पाणी आले कोठून, हे त्यांनी शोधले. शहराच्या वरच्या भागात शेकडो तलाव होते. अतिवृष्टीमुळे त्यांतील दोनशेहून अधिक तलाव फुटले होते. म्हणून पुराचे पाणी वरच अडवावे, असे त्यांनी सुचवले. पुढे १९२० साली मुसीवर उस्मानसागर आणि १९२७ साली ईसी या तिच्या उपनदीवर हिमायतसागर पूर्ण झाला. शहराला पिण्याचे पाणीही मिळाले.

१९५५ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. १९६२ साली ते वारले.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत पावसाचे पाणी साचले, तर ते कोठून येते, हे आधी पाहा. उपायाची सुरुवात तेथूनच होते.