सर वॉल्टर स्कॉट : पडक्या बुरुजांकडे जगाला वळवणारा लेखक

एडिंबराच्या मुख्य रेल्वे स्थानकाचं नाव वेव्हर्ली. हे नाव आलंय एका कादंबरीवरून. स्थानकाबाहेर पडलं की त्या कादंबरीच्या लेखकाचं सुमारे 61 मीटर उंच स्मारक दिसतं. स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांतले मठ, बुरूज आणि तळी पाहायला आज जगभरातून लोक जातात. त्या वाटेवर गर्दी आणण्यात सर्वात मोठा वाटा याच माणसाचा, सर वॉल्टर स्कॉटचा.

स्कॉटचा जन्म 15 ऑगस्ट 1771 चा, एडिंबरामधला. वडील वकील. दीड वर्षाचा असताना पोलिओने त्याचा उजवा पाय कायमचा अधू झाला. हवापालट म्हणून त्याला इंग्लंडच्या सीमेजवळ, सँडीनो इथल्या आजोबांच्या शेतावर पाठवलं. शेताच्या वर खडकावर स्मेलहोमचा जुना बुरूज उभा होता. सीमेवरच्या लुटारू टोळ्यांच्या काळातला. त्या बुरुजाच्या सावलीत जॅनेट आत्याकडून ऐकलेल्या लढायांच्या गोष्टी त्याला आयुष्यभर पुरल्या. पुढे बुरूज ढासळू लागला, तेव्हा तो वाचवण्यासाठी स्कॉटने मालकाला गळ घातली. हा मालक त्याचा नातेवाईकच होता. बदल्यात त्या जागेवर एक काव्य लिहून दिलं, असं सांगितलं जातं. बुरूज आजही उभा आहे.

वकिली सुरू झाल्यावरही हा लंगडा तरुण घोड्यावरून लिड्सडेलच्या दऱ्या पालथ्या घालायचा, सलग सात वर्षं. कारण होतं तिथली जुनी कथागीतं, आपल्या पोवाड्यांच्या जवळ जाणारी. 1802 पासून ती पुस्तकरूपात आली. जेम्स हॉग या कवीच्या आईने मात्र त्याला सुनावलं : ही गाणी गाण्यासाठी होती, छापून तुम्ही ती बिघडवलीत. तक्रार अगदीच चुकीची नव्हती.

1805 मधल्या त्याच्या दीर्घकाव्याने मेलरोझच्या भग्न मठाला प्रसिद्धी दिली. चांदण्यातला मठ पाहायला लोक रात्री येऊ लागले. 1810 च्या ‘द लेडी ऑफ द लेक’ने तर कमाल केली. लॉख कॅट्रिन या तळ्याभोवतीच्या खाणावळी भरून गेल्या, भाड्याचे घोडे मिळेनात. 1814 मध्ये ‘वेव्हर्ली’ निनावी छापली गेली आणि ऐतिहासिक कादंबरी हा प्रकार युरोपभर पसरला. मराठीत ह. ना. आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा करतानाही स्कॉटचं नाव निघतंच.

या चित्राला दुसरी बाजू आहे. पर्यटक हायलँड्सच्या ज्या निर्मनुष्य दऱ्यांवर भाळत होते, त्यातल्या कित्येक दऱ्या मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीनदारांनी कुळांना हुसकावून रिकाम्या केल्या होत्या. स्कॉटच्या रम्य स्कॉटलंडमध्ये हे दुःख पुसटच दिसतं.

दगड आणि कर्ज

1811 मध्ये स्कॉटने ट्वीड नदीकाठी एक शेत घेतलं आणि त्याला ॲबट्सफर्ड नाव दिलं. तिथे त्याने वाड्यासारखं घर बांधलं. एडिंबराचा जुना तुरुंग पाडला तेव्हा त्याचा दरवाजा आणून याच घराच्या भिंतीत बसवला. 1818 मध्ये एडिंबरा किल्ल्यातली एक पेटी त्याच्या पुढाकाराने उघडली. 1707 च्या विलीनीकरणानंतर बंद करून ठेवलेला स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार आत सुखरूप होती.

1826 मध्ये त्याचा मुद्रक आणि प्रकाशक बुडाले. त्यांच्यातल्या भागीदारीमुळे एक लाख पौंडांहून जास्त कर्ज स्कॉटच्या डोक्यावर आलं. त्याच वर्षी पत्नी शार्लट वारली. दिवाळखोरी जाहीर करता आली असती, पण त्याने ती नाकारली आणि लिहून कर्ज फेडायला घेतलं. पक्षाघाताचे झटके आले तरी लेखन थांबलं नाही. 21 सप्टेंबर 1832 रोजी ॲबट्सफर्डमध्येच त्याने प्राण सोडला. उरलेलं कर्ज त्याच्या पुस्तकांच्या हक्कांतून फिटलं. पुढच्याच वर्षी ते घर लोकांसाठी खुलं झालं.

त्याला ड्रायबर्गच्या पडक्या मठात पुरलं आहे. अंत्ययात्रा नेताना घोडे ट्वीडच्या वरच्या एका वळणावर आपोआप थांबले, कारण मालक रोज तिथे थांबून नदी पाहायचा, असं सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, त्या जागेला आज ‘स्कॉट्स व्ह्यू’ म्हणतात. गाड्या अजूनही तिथे थांबतात.