रुस्तम-ए-हिंद गामा : गदा, पट्टा आणि राजाचा खुराक

गावच्या यात्रेत फड रंगला, एखादं दांडगं पोर शड्डू ठोकत आत उतरलं, की कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी गामाचं नाव काढतंच. उगाच ताकद दाखवणाऱ्याला गामा पैलवान म्हणून चिडवायची रीत तर घराघरात आहे. पण हा गामा कुठला, त्याला रुस्तम-ए-हिंद ठरवलं कुणी आणि त्या किताबावर त्याचं पोट किती वर्षं भरलं, असं विचारलं तर फडातली निम्मी माणसं गप्प बसतील. त्याचा जन्मदिवस २२ मे आणि स्मृतिदिन २३ मे. दोन्ही लागोपाठ येतात, त्या निमित्तानं ही हकीकत.

त्याचं खरं नाव गुलाम मुहम्मद. जन्म १८७८ चा. घराणं मूळचं काश्मिरी, पंजाबात अमृतसर भागात स्थिरावलेलं आणि पिढीजात पैलवानांचं. वडील पैलवान होते, पण गामा लहान असतानाच ते वारले. पुढं आजोबांनी आणि मामानं त्याला तालमीत घातलं. जोधपूरच्या महाराजांनी १८८८ साली बैठकांची स्पर्धा ठेवली तेव्हा गामा दहा वर्षांचा होता. चारशेच्या वर पैलवान उतरले. एकेक जण गळत गेला आणि शेवटच्या पंधरांत हे दहा वर्षांचं पोर उभं. महाराजांनी वय बघून त्यालाच विजेता ठरवलं. त्यानंतर काही दिवस पोराला अंथरुणातून उठता येत नव्हतं म्हणतात, आणि ते खरं असणार. मग दतियाच्या महाराजांनी त्याला आपल्याकडं ठेवून घेतलं. खाणंपिणं, वस्ताद, माती, मालिश, सगळं दरबाराकडून.

त्याच्या मेहनतीचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत: रोज पाच हजार बैठका, तीन हजार जोर. दुधाचे, तुपाचे, बदामाचे आकडे तर सांगणाऱ्यागणिक वाढतात. त्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरतं ते काही थोडं नाही. बडोद्याच्या संग्रहालयात एक दगड ठेवलेला आहे. गामानं १९०२ साली तो उचलला, असं त्याच्याबद्दल सांगतात. वजन बाराशे किलो सांगतात, आणि इथं मात्र कुठल्याही पैलवानाला शंका येईल. पण गायकवाडांच्या राजधानीत गामाचं नाव त्या काळी पोचलं होतं, एवढं त्यातून दिसतं.

आता किताबाचं. रुस्तम हा इराणी कथेतला वीर, त्याच्या नावावरून रुस्तम-ए-हिंद, म्हणजे हिंदुस्थानचा रुस्तम. हा किताब देणारी एखादी संस्था वा परिषद तेव्हा नव्हती. वजनगट नव्हते, गुण नव्हते. राजेरजवाड्यांनी जोड लावायची, इनाम ठेवायचं, आणि ज्याच्या नावाचा दबदबा आहे त्याची पाठ मातीला लावली की तो दबदबा आपल्याकडं यायचा. म्हणजे किताब हा समोरच्या माणसाच्या अंगावर असायचा, तो तिथूनच काढून घ्यावा लागायचा. गामाच्या आधीच्या पिढीत गुलाम पैलवानाचं नाव असंच होतं, १९०० साली तो पॅरिसला जाऊन लढून आला होता. त्याच्यानंतर ज्याच्या अंगावर नाव होतं तो गुजरांवाल्याचा रहीमबक्ष सुलतानीवाला.

रहीमबक्ष सात फुटांच्या जवळचा. गामा पाच फूट सात इंच. १८९५ साली सतरा वर्षांच्या गामानं त्याला आव्हान दिलं, तेव्हा बघ्यांना ही चेष्टाच वाटली असेल. कुस्ती तासन्‌तास चालली आणि बरोबरीत सुटली. त्या दिवसापासून गामाचं नाव देशभर झालं. पण किताब मिळाला नाही. बरोबरीनं किताब मिळत नसतो. पुढची पंधरा वर्षं गामानं हिंदुस्थानातले नाव घेण्याजोगे बहुतेक मल्ल एकेक करून चीत केले. राहिला तो रहीमबक्ष. त्याच्याशी पुन्हा गाठ पडली तरी निकाल लागेना.

मग १९१० साली विलायतेची वाट धरली. बंगालचे धनिक शरतकुमार मित्र यांनी खर्च उचलला. बरोबर धाकटा भाऊ इमामबक्ष. लंडनला गेल्यावर गामाची उंची बघून संयोजकांनी त्याला स्पर्धेतच घेतलं नाही. आपल्याकडच्या फडात आजही असं होतं. पोरगं काटक असतं, पण अंगानं भरलेलं नसलं की मोठ्या इनामाला जोड मिळत नाही. गामानं मग नाट्यगृहात उघड आव्हान ठेवलं: कुठल्याही वजनाच्या तीन पैलवानांना अर्ध्या तासात चीत करून दाखवतो. आधी लोकांना ही जाहिरातबाजी वाटली. शेवटी अमेरिकेचा डॉक्टर बेंजामिन रोलर पुढं आला. तो पेशानं खरोखरच डॉक्टर होता. गामानं त्याला पहिल्यांदा पाडलं ते दोन मिनिटांच्या आत, दुसऱ्यांदा दहा मिनिटांच्या आत. इमामबक्षनंही तिथं स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला सहज लोळवलं. त्यानंतर दार उघडलं.

जॉन बुल नावाच्या तिथल्या साप्ताहिकाच्या नावानं जागतिक विजेतेपदाचा पट्टा होता आणि वर अडीचशे पौंडांचं इनाम. १० सप्टेंबर १९१० रोजी गामासमोर आला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को. गामापेक्षा वजनानं बराच भारी, मानेनं आणि खांद्यानं बैलासारखा. कुस्ती लागली आणि मिनिटाच्या आत गामानं त्याला खाली घेतलं. इथून पुढं जे झालं ते बघून आपल्याकडच्या पंचांनी कुस्ती केव्हाच सोडवली असती. झ्बिस्को गादीला पोटानं चिकटून बसला तो उठेचना. सुमारे अडीच तास गामा त्याला उलटवायला बघत राहिला आणि तो हातपाय पसरून पडून राहिला. दोन्ही खांदे टेकल्याशिवाय हार नाही, हा नियम. ओली माती असती, लंगोटाची पकड असती, तर गोष्ट वेगळी. पण खाली होती गादी आणि ओळखीचे अर्धे डाव तिथं लागू पडत नव्हते. कुस्ती बरोबरीत सुटली. प्रेक्षक चिडले, वर्तमानपत्रांनी झ्बिस्कोला झोडपलं.

फेरकुस्ती ठरली त्याच महिन्यात. गामा वेळेवर हजर, झ्बिस्को आलाच नाही. पंचांनी गामाला विजयी जाहीर केलं, पट्टा त्याला दिला. रुस्तम-ए-जमाना हे बिरूद तिथून चिकटलं. देशात मोठा गाजावाजा झाला आणि तो व्हायलाच हवा होता, कारण गोऱ्या माणसाच्या राज्यात, त्याच्या राजधानीत जाऊन आपला माणूस उभा राहिला होता. पण पैलवानाच्या दृष्टीनं बघा. जगातला सगळ्यात मोठा पट्टा हातात आला तो समोरचा आला नाही म्हणून. पाठ टेकवून आला नाही. हे शल्य गामाला पुढं अठरा वर्षं राहिलं असावं, असं त्याचं पुढचं वागणं बघून मला वाटतं.

परत आल्यावर अलाहाबादेत रहीमबक्षाशी शेवटची कुस्ती झाली. रहीमबक्षाचं वय आता उताराला लागलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. तरी कुस्ती लांबली. शेवटी गामा जिंकला आणि रुस्तम-ए-हिंद हा किताब वादाशिवाय त्याचा झाला. पहिल्या बरोबरीनंतर त्याला एवढी वर्षं लागली होती.

याच काळात आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज रोमच्या आखाड्याच्या धर्तीवर खासबाग मैदान बांधून घेत होते. महाराजांनी पंजाबातले मल्ल आणि वस्ताद कोल्हापुरात आणले, तालमींना आधार दिला. १९१२ साली मैदान खुलं झालं तेव्हा जी मोठी कुस्ती लागली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. म्हणजे गामाच्या घरची कुस्ती आपल्या तांबड्या मातीनं बघितलेली आहे. पंजाबी मल्लांची ताकद आणि आपल्याकडची चपळाई यांची गाठ तिथं पडली, आणि कोल्हापूरच्या तालमींत त्यानंतर जे घडलं ते जुनी मंडळी अजून सांगतात.

गामा पतियाळाच्या महाराजांच्या आश्रयाला होता. १९२२ साली इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला तेव्हा त्यानं गामाला चांदीची गदा दिली. जोड मिळणं मात्र अवघड झालं होतं. त्याच्याशी लढायला कुणी तयार होईना.

इकडं झ्बिस्को अमेरिकेत जाऊन मोठा झाला होता. तिथली धंदेवाईक कुस्ती तोवर बदलली होती. कोण जिंकणार हे तिकीट विकणारे आधी ठरवू लागले होते. १९२५ साली वेन मन नावाच्या फुटबॉलपटूला असंच विजेता करून ठेवलं होतं. झ्बिस्कोनं हरायचं, असं ठरलेलं होतं. त्यानं आखाड्यात उतरल्यावर खरी कुस्ती केली, मनला पुन्हा पुन्हा आपटलं आणि विजेतेपद काढून घेतलं. लंडनला पोटावर पडून राहिलेला हाच माणूस. त्याला नुसता पळपुटा म्हणणं सोपं आहे, पण त्याला कुस्ती येत होती आणि ती खरी येत होती.

पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी या दोघांची पुन्हा गाठ घालायचं ठरवलं. जानेवारी १९२८. मुद्दाम मैदान तयार केलं, हजारो लोक लोटले. झ्बिस्को अठ्ठेचाळीस वर्षांचा, गामा पन्नाशीला टेकलेला. या खेपेला पायाखाली माती होती. हात मिळवले, आणि लोक नीट सावरून बसायच्या आत कुस्ती निकाली. एक मिनिटही लागलं नाही, झ्बिस्कोची पाठ मातीला. लंडनचा अडीच तासांचा हिशेब तिथं पुरा झाला. पुढच्याच वर्षी जेस पीटरसन नावाचा आणखी एक परदेशी मल्ल आला, तोही दीड मिनिटात गेला. गामाच्या शेवटच्या मोठ्या कुस्त्यांपैकी ही एक.

अशा माणसाचं म्हातारपण कसं गेलं असेल? इथं खुराकाकडं परत यावं लागतं. आपल्या तालुक्यात ज्यांच्या घरी पैलवान आहे त्यांना सांगायला नको. दूध, तूप, बदाम, मटण यांचा महिन्याचा हिशेब शेतकऱ्याचं कंबरडं मोडतो. दोन म्हशी असल्या तरी पुरत नाही. गामाचा हा हिशेब आयुष्यभर संस्थानांच्या खजिन्यातून भागला. कुठल्या संस्थेचं मानधन नव्हतं, पेन्शन नव्हती, पोलिसात वा रेल्वेत नोकरी नव्हती. राजा होता तोवर रुस्तम होता.

१९४७ ला देश फुटला, संस्थानं विलीन झाली. गामा लाहोरला होता. फाळणीच्या दंगलीत त्यानं आपल्या गल्लीतल्या हिंदू कुटुंबांच्या दारात उभं राहून जमावाला मागं फिरवलं, आणि नंतर त्यांना सुखरूप पोचवायची व्यवस्था केली, असं आजही सांगितलं जातं. स्वतः तो नव्या देशात राहिला. पण तिथं पतियाळाचा दरबार नव्हता. इमामबक्षचा मुलगा भोलू १९४९ साली रुस्तम-ए-पाकिस्तान झाला, म्हणजे नाव घरात राहिलं. पैसा राहिला नाही. गामाला दम्यानं आणि हृदयविकारानं गाठलं, औषधपाण्याला हात पसरायची वेळ आली. पाकिस्तान सरकारनं काही जमीन आणि मदत दिली. सीमेच्या अलीकडून घनश्यामदास बिर्ला यांनी पैसे पाठवले. बक्षिसात मिळालेली पदकं विकायची वेळ आल्याचंही सांगतात.

२३ मे १९६० रोजी लाहोरात गामा वारला. वय ८२. मोठ्या कुस्तीत त्याची पाठ लागल्याची नोंद नाही.

तोवर आपल्याकडं किताबाची रीतच बदलली होती. १९५९ साली दिल्लीत, कोल्हापूरच्या मातीत तयार झालेल्या श्रीपती खंचनाळे यांनी हिंदकेसरी मारली. १९६१ साली औरंगाबादेत दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. आता स्पर्धा दरवर्षी ठरू लागल्या, जोड चिठ्ठ्या टाकून लागू लागली, आणि किताब एका माणसाच्या अंगावर पंधरा वर्षं राहायचा काळ संपला. खुराकाचा खर्च मात्र दरबारातून उठून पैलवानाच्या बापावर आला, तो अजून तिथंच आहे.

पतियाळाच्या जुन्या मोतीबाग राजवाड्यात आता राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. तिथल्या संग्रहालयात एक जाड दगडी कडं ठेवलंय, वजन ९५ किलो. ते गळ्यात घालून गामा बैठका मारायचा.