खराटा आणि कीर्तन : संत गाडगे महाराज

आतापर्यंत आपण ज्या संतांचा परिचय करून घेतला, ते अभंगांतून व ओव्यांतून आपल्यापर्यंत पोहोचले. गाडगे महाराजांचे तसे नाही. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, कोणाला शिष्य केले नाही. त्यामुळे त्यांच्या चरित्राचा अभ्यास करताना त्यांच्या शब्दांइतकेच लक्ष त्यांच्या हातातील खराट्याकडे द्यावयास हवे.

त्यांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले आणि आई सखूबाई मुलाला घेऊन दापुरे येथे माहेरी आली. तेथे देबूजींनी गुरे राखली, मामांची शेती कसली. सावकारी कर्ज जमीन कशी गिळते, हे त्यांनी या घरातच पाहिले. ऋण काढून सण करण्याविरुद्ध त्यांच्या कीर्तनात जो कळवळा आढळतो, त्याचे मूळ येथे आहे. मुलीच्या बारशाला दारू-मटणाऐवजी त्यांनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंदांचा रोष पत्करूनच त्या काळी असे करता येत असे. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर मडक्याचे खापर, हाती खराटा, हे त्यांचे रूप पुढे महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले आणि त्या गाडग्यावरूनच त्यांना नाव मिळाले.

गावात आल्यावर ते कोणाच्या ओसरीवर जाऊन बसत नसत. आल्या आल्या रस्ता झाडू लागत. कोणी बोलावलेले नसे, कोणाची परवानगी घेतलेली नसे. लोकांना प्रथम हा कोणी वेडा वाटे. मग कोणीतरी संकोचाने हातभार लावी, त्याचे पाहून दुसरा येई आणि दिवस कलेपर्यंत अर्धे गाव कामाला लागलेले असे. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. भाकरीसुद्धा ते काम केल्यावाचून घेत नसत.

येथे थोडे थांबून विचार करा. गावाची घाण काढणे हे त्या काळी केवळ कष्टाचे काम नव्हते, ते काही जातींच्या माथी जन्मानेच मारलेले होते. ज्याने आयुष्यात अंगणाबाहेर केरसुणी धरली नव्हती, असा शेतकरी जेव्हा बाबांच्या शेजारी उभा राहून गटार उपसत असे, तेव्हा त्याने एक सीमा ओलांडलेली असे. अस्पृश्यता पाळू नका, हे त्याला रात्री कीर्तनात ऐकावयाचे असे. त्याचे हात मात्र दिवसाच त्या मार्गाला लागलेले असत. म्हणून झाडणे ही कीर्तनाची पूर्वतयारी नव्हे, कीर्तनाचा पूर्वार्ध होय, असे आम्हांस वाटते. (सेनापती बापटांनीही पारनेरात हाती झाडू घेतला होता. त्यांच्या चरित्राशी ही तुलना करून पाहण्यासारखी आहे.)

लोकांनी दिलेल्या पैशांतून बाबांनी घाट, धर्मशाळा, सदावर्ते उभारली. पंढरपुरात ज्यांना कोठेच थारा नव्हता, त्यांच्यासाठी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यांपैकी कोणत्याही वास्तूवर आपल्या नातेवाइकांचा हक्क त्यांनी ठेवला नाही.

राज्य शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. बक्षिसांच्या स्पर्धेमुळे अनेक गावे झटून कामाला लागली, हे मान्य केले पाहिजे. बाबांच्या पद्धतीत मात्र परीक्षक नव्हता आणि क्रमांकही नव्हता. आपल्या वस्तीत एखाद्या रविवारी स्वच्छता मोहीम निघाली, तर तीत अवश्य सामील व्हा आणि या पाठाच्या दृष्टीने काही निरीक्षणे वहीत नोंदवा. कागद व पिशव्या कोण उचलतो आणि गटारात हात कोण घालतो? छायाचित्रे काढून झाल्यावर भरलेली पोती कोण वाहून नेतो? सोमवारी पहाटे तोच रस्ता झाडण्यास कोण येते, आणि त्या व्यक्तीचे नाव आपणांस ठाऊक आहे काय?

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. बाबांची प्रकृती तेव्हा ढासळलेलीच होती. दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. त्याआधी काही आठवडे मुंबईत वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी ते ऐकावे. त्यातील वऱ्हाडी बोली, श्रोत्यांना एकामागून एक विचारलेले प्रश्न आणि त्यांना मिळणारा समूहाचा प्रतिसाद, या तिन्ही गोष्टींची बोलीभाषेच्या घटकात आपल्याला पुन्हा गरज पडेल.